तीसच्या पाढ्यापलीकडे

हिलाल गुरुजींनी दोंडाईच्याच्या शाळेत छत्तीस वर्षं पोरांकडून तीसपर्यंतचे पाढे घोटून घेतले, आणि कुणाच्या पाटीवर चुकीचं गणित म्हणून राहू दिलं नाही. शाळेची पायरीही न चढलेली त्यांची बायको भिकुबाई ओसरीवरच्या शिकवणीचा कलकलाट ऐकून ऐकूनच पाढे शिकली होती. "पगार मला आणि विद्या तुला," असं ते तिला चिडवायचे.

शहाऐंशीच्या मे महिन्यात तिला अर्धांगाचा झटका आला. बोलणं बंद, नजर आढ्याला. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, "आठ दिवस, गुरुजी. फार तर." गुरुजींना रडूही आलं नाही. आतून सगळं बधिर झालं होतं.

लेक वच्छला माहेरी येऊन आईला पेज भरवू पाहायची. आई दात उघडायची नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र ती एकेक अंक सुटा उच्चारत बोलली. सहा, चार, सहा, नऊ, सहा, नऊ, तीन, दोन, तीन, एक.

गुरुजींनी सवयीने तो आकडा पाटीवर मांडला आणि मूळ संख्यांनी भागायला घेतला. दोनने भागला, एक उरला. तीनने, एक. पाच, सात, अकरा, थेट एकोणतीसपर्यंत दर वेळी बाकी एकच. तीसपर्यंतचा एकही पाढा त्या आकड्याला लागू पडेना.

मग त्यांनी एकतीस घेतला. भागाकार निम्मा झाला असेल, तोच खाटेवरून आवाज आला, "वीस."

बाकी वीसच आली.

"तुले कोनी सांगं?" गुरुजींनी विचारलं. तिने तोंड उघडलं आणि वाटीभर पेज घेतली.

मग तोच रिवाज पडला. दोन वेळच्या पेजेआधी एकेक मूळ संख्या. सदतिसाला ती "तीस" म्हणाली, तीसच आले. भागाकार टाळला की दातखीळ. आठ दिवस गेले, महिना होत आला. हा आकडा स्वतःच मूळ असेल तर त्याच्या वर्गमुळापर्यंत, ऐंशी हजारांपर्यंत, भागत जावं लागेल, म्हणजे आठेक हजार भागाकार. दहा वर्षं! आणि मध्येच कुणाचा निःशेष भाग गेला तर? बाकीच नसेल तर ती बोलणार काय? एवढ्या विचाराशी मात्र त्यांची पेन्सिल थांबायची.

तीनशे एकतीसची पाळी सकाळी आली. गुरुजींनी शेवटचा अंक खाली उतरवला, आणि पाटीवर ३३१ च उभा राहिला; बाकी शून्य.

खाटेवर शांतता.

जन्मात पहिल्यांदा त्यांनी जाणूनबुजून गणित चुकवलं. शून्याच्या जागी सात लिहिले.



"सात," भिकुबाई म्हणाली.

वच्छला पेज घेऊन आली. आईला सावरताना दचकली. "आबा, मायना हात कितला गार शे!"

गुरुजींनी मनगट धरलं. नाडी लागेना. छातीला कान लावला.

"पेज दे तिले," ते म्हणाले.

तोंड उघडलं. पेज आत गेली.

बुबुळावर माशी येऊन बसली. पापणी लवली नाही.