मिठाच्या धुक्यातली चकती

बारामतीच्या एमआयडीसीतल्या त्या छोट्या कारखान्यात धातूच्या सुट्या भागांवर सोन्याचांदीचा मुलामा चढवत. उघड्या हातानं मालाला शिवायचं नाही, हा तिथला पहिला नियम. बोटाचा डाग त्या दिवशी दिसत नाही. वर मुलामा बसतो, माल झगझगतो. मग गंजाच्या तपासणीसाठी मिठाच्या पाण्याचं धुकं सोडणाऱ्या पेटीत ठेवला, की दोन दिवसांत ज्यानं हात लावला त्याचं बोट काळं होऊन वर येतं. संजीवनी सहा वर्षं ती पेटी सांभाळत होती. डाग बघून ती माणूस ओळखायची. "गेणबा, तंबाखू मळलेला अंगठा धूत जावा की," असं तिनं म्हटलं, की म्हातारा गेणबा कानाची पाळी धरायचा.

नवरा अविराज पहाटेच भाजीचा टेम्पो घेऊन निघायचा आणि तिची पाळी सातची. म्हणून चार वर्षांची मोना शेळगावला सासरी, आजीजवळ. आठवड्यातून एक दिवस लेक कुशीत, बाकीचे दिवस फोनवर पापे.

अशाच एका रविवारी तिचा धाकटा दीर अजित तांब्याची एक नळी घेऊन मागं लागला. सिगारेटऐवजी वाफ ओढायची नळी, बंदी असलेली. आत एक बॅटरी, बुडाला बटण. बटण दाबलं की आतली चकती बॅटरीला टेकते, तार तापते, वाफ निघते. एवढंच.

"चकती सारखी काळी पडतीया, वैनी. मग करंटच लागंना. सोनं चढवून द्या की तेवढं."

"तुमच्या दादानं माझ्या अंगावर घातलं न्हाय, ते तुमच्या नळीला घालू? आत्यांना सांगू का, काय ओढताय ते?"

"सांगा की. आईला वाटतं, दम्याचं औषध हाय."

हसत हसत तिनं चकती पर्समध्ये टाकली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं ती घासली, ॲसिडमध्ये बुडवून स्वच्छ केली, चिमट्यानं धरून सोन्याच्या टाकीत सोडली. तशीच द्यायला हरकत नव्हती. पण न तपासता तिच्या हातून काही जात नसे. चकती पेटीत ठेवून तिनं झाकण लावलं.

बुधवारी झाकण काढलं तेव्हा चकती उजळ होती. फक्त मधोमध हरभऱ्याएवढा काळा डाग. तिनं भिंग लावलं. बारीक रेघा दिसल्या, गोल गोल फिरत गेलेल्या. आणि त्यांना कापत जाणारी एक तिरकी चीर.

ती चीर तिला पाठ होती. संक्रांतीला मोनानं विळीला अंगठा लावला होता. त्या अंगठ्यावर फुंकर घालत ती पहाटेपर्यंत बसली होती.

पोरीनं घरी नळी उघडून बघितली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण ॲसिडमधून निघालेल्या तांब्यावर कुणाचा डाग राहतो?

तिनं चकती मुलामा उतरवायच्या द्रावणात टाकली. सोनं सुटलं. डाग काही सुटेना. तेव्हा तिनं द्रावणाला तांब्याचाही पापुद्रा खाऊ दिला. अंगठा पुसट होत होत गेला. हात पुसते न पुसते तोच फोन वाजला. सासूबाई, सरुबाई.

"संजे, पोरगी एकाएकी वरडाय लागलीया गं. अंगठा झोंबतोय म्हणती. कशाला शिवली न्हाय, काय न्हाय."

"लाल झालाय का, आत्या?"

"न्हाय. उलट..." सरुबाई अडखळल्या. "लई गुळगुळीत लागतोय हाताला."

संजीवनीनं चकती नळाखाली धरली. पुन्हा धरली. पुन्हा. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तशी ती चकती धूत राहिली. फोनमधलं रडणं हळूहळू थांबलं.

आता ती फेकवेना, वितळवायचं तर मनातही आणवेना. गंजापासून राखायचं एकच साधन तिला ठाऊक होतं. तिनं दुपटीनं सोनं चढवलं, कापसात गुंडाळून चकती ड्रॉवरमध्ये ठेवली.

शुक्रवारी सकाळी ड्रॉवरमध्ये नुसता कापूस होता.

"तपासायची ऱ्हायली म्हणून कालच म्या ठिवली की पेटीत," गेणबा म्हणाला. "हातमोजं घालून, बरं का!"

तिनं झाकण उघडलं. पुढच्या बाजूला अंगठा. मागच्या बाजूला दोन बोटं. कुणीतरी चिमटीत घट्ट धरून ठेवल्यासारखी.

चकती डबीत, डबी पर्समध्ये. मिळेल ती एसटी धरून ती शेळगावला पोचली तेव्हा भर दुपार होती.

मोना शेवग्याखाली खेळत होती. धावत आली, गळ्यात पडली. संजीवनी ओट्याला टेकून बसली, तिला मांडीवर घेतलं आणि गालाचा पापा घेतला. खारट. उन्हातान्हाचं पोर, घाम असणार.

"आई," मोना कानात म्हणाली, "तू झाकण लावून का गेली?"

संजीवनीनं तिची मूठ उघडली. अंगठा चिंचोक्यासारखा गुळगुळीत. रेघ नाही, चीर नाही. शेजारची दोन बोटंही तशीच.

"आणली व्हय!" मागून अजितचा आवाज आला. पर्समधली डबी त्यानं कधी काढली ते तिला कळलंच नाही. चकती नळीत बसवून तो झाकणाचे आटे फिरवत होता.

"भावजी, नको!"

त्यानं बटण दाबलं. वाफ आली नाही. आणखी जोरानं दाबलं.

"सोनं घालून बी करंट लागंना हिला."

मांडीवरची मोना ताठ झाली.

"काका, हळू दाब की."

अजित हसला. मग पोरीचं तोंड बघून थांबला. त्यानं नळी ओट्यावर आडवी ठेवली, दोन पावलं मागं सरला, हात पुढं करून दाखवले.

"सोडलं बाळा. हे बघ, सोडलं."

"न्हाय," मोना म्हणाली. "आजून दाबतंय."

संजीवनीनं ओट्याकडं पाहिलं. नळीजवळ कुणी नव्हतं. तिचं बटण पार आत गेलेलं होतं.