सात नंबरचा ओव्हर

ही गोष्ट रात्रीची नाही. दुपारी दोनची आहे.

दिवे लख्ख, वॉर्डात वीस माणसं जागी. म्हणूनच कोणाला पटत नाही. तुम्हालाही पटणार नाही कदाचित. पण मी शपथेवर सांगते, हे माझ्या वॉर्डात, माझ्या आईच्या बाबतीत घडलंय... आणि अजून संपलेलं नाही.

मी नर्स आहे. हाडांच्या वॉर्डात. माझी आई याच वॉर्डाची बावीस वर्षं इनचार्ज सिस्टर होती. एकाहत्तराव्या वर्षी ती न्हाणीघरात घसरली, उजवा खुबा मोडला आणि पेशंट म्हणून आपल्याच वॉर्डात आली.

खाट नंबर सात.

पाळी बदलताना एका सिस्टरने दुसरीला प्रत्येक पेशंटची माहिती द्यायची, याला आम्ही 'ओव्हर' देणं म्हणतो. आईचे याबाबत दोन नियम होते. ओव्हर टेबलाशी बसून द्यायचा नाही, खाटेपाशी उभं राहून द्यायचा, पेशंटला ऐकू जाईल असा. आणि घेणारीने ऐकलेलं सगळं परत म्हणून दाखवायचं.

"मान डोलावू नकोस. परत म्हण."

हे वाक्य ऐकून किती नर्सेस रडल्या असतील, देव जाणे. मीही रडले आहे.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवसापर्यंत तिने वॉर्डाला जेरीस आणलं होतं. "हे चादरीचे कोपरे आहेत की बोचकं?" "सलाईनवर तारीख कोण घालणार, मी?" पोरी माझ्याकडे बघून तोंड दाबून हसायच्या. मला आईची लाज वाटायची.

आता त्या लाजेची लाज वाटते.

त्या दिवशी माझी सकाळची पाळी होती. साडेबाराला मी तिचं ताट उचलत होते, तेव्हा ती म्हणाली, "डावी पोटरी दुखतेय गं. सकाळपासून."

"आई, ऑपरेशन झालंय. दुखणारच."

"ऑपरेशन उजवीकडे झालंय."

मी हसले. "बरं, सांगते डॉक्टरांना," म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

दोन वाजता दुपारच्या पाळीची सिस्टर आली. चणीने लहान आणि अखंड बडबड, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणतात. नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं.

"ताई, चला ना खाटांपाशी."

"नको गं बाई. सातपाशी गेलो की आपली तोंडी परीक्षा सुरू होईल."

आम्ही टेबलाशीच बसलो.

"सात?" तिने विचारलं.

"सात म्हणजे आपल्या मॅडम. नेहमीचंच. टाके कोरडे, ताप नाही, तोंड चालू."

ती खुदकन हसली. तिने काही परत म्हणून दाखवलं नाही. मीही म्हणायला लावलं नाही.

मी पर्स उचलली. निघताना सातकडे नजर टाकली. आई झोपली होती.

पावणेचारला ती गेली.

पायात रक्ताची गुठळी झाली होती. ती फुप्फुसात जाऊन अडकली. डाव्या पायात झाली होती.

माझा भाऊ रात्रभर प्रवास करून आला. दारातच त्याने माझे खांदे धरले. "काही म्हणाली का गं ती? काही त्रास?"

"नाही दादा. मी निघाले तेव्हा शांत झोपली होती."

मग चौकशी लागली. ड्यूटीवर होती म्हणून मेमो चिमणीला मिळाला. पाय का तपासले नाहीत? लेखी उत्तर द्या. ती मला जिन्यात गाठायला आली. डोळे सुजलेले.

"ताई, तुम्ही पायाचं काही बोलला होतात का? मी विसरले का? मला आठवतच नाहीये हो..."

"नव्हते बोलले," मी म्हणाले.

हे खरं होतं. तेवढंच खरं होतं.

पंधरा दिवसांनी मी कामावर परतले. सात नंबरच्या खाटेचं चाक मोडलं म्हणून ती दुरुस्तीला गेली होती. सहा आणि आठच्या मध्ये नुसती मोकळी जागा. वर पडद्याची दांडी, भिंतीवर गुंडाळून ठेवलेली बेलची वायर.

दोन वाजले. ओव्हर सुरू झाला.

आणि टेबलावरच्या बेलच्या पाटीवर खाटेच्या नंबराचा लाल दिवा लागला...

सात.

वॉर्डातल्या मावशी बघून आल्या. "तिथे खाटच नाही हो. बेल कोण दाबतंय?"

वायरमन आला. खोकं उघडून हसला. "सिस्टर, ही वायर मागच्या आठवड्यात मीच तोडलीय. हे बघा टोक."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता... परत सात.

तिसऱ्या दिवशीही.

कोणीतरी दिव्यावर चिकटपट्टी लावली. पट्टीतूनही तो लाल दिसायचा. हळूहळू सगळ्यांनी तिकडे बघणं सोडून दिलं. मला ते जमलं नाही.

त्या आठवड्यात सहा नंबरला एक आजी आल्या. परगावच्या. आईबद्दल त्यांना काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी त्यांचं ब्लडप्रेशर बघत होते.

"ताई, या पलीकडच्या बाईंना जरा सांगा ना. दुपारी डोळा लागू देत नाहीत."

"पलीकडे कोणी नाही, आजी."

"असं कसं? पडदा ओढून घेतात आणि पुटपुटत बसतात. एकच धोशा... परत म्हण, परत म्हण."

मी त्यांचं ब्लडप्रेशर पुन्हा पहिल्यापासून बघितलं.

दुसऱ्या दिवशी चिमणीला मेमोचं लेखी उत्तर द्यायचं होतं. मी दोनला पाच कमी असताना सहा आणि आठच्या मध्ये गेले. पडदा ओढलेला होता. कोणी ओढला, माहीत नाही. आत काही नव्हतं, हे मला माहीत होतं. सकाळी तिथली फरशी माझ्यासमोर पुसली होती.

मी पडद्याबाहेर उभी राहिले. हात मागे बांधून. तिने शिकवलं होतं तशी.

दोन वाजले.

"खाट सात," मी म्हणाले. "वय एकाहत्तर. उजव्या खुब्याचं ऑपरेशन, चौथा दिवस. साडेबाराला पेशंटने डावी पोटरी दुखते असं सांगितलं. मी डॉक्टरांना कळवलं नाही. ओव्हरमध्ये सांगितलं नाही."

वॉर्डातल्या पंख्यांचा आवाजही थांबल्यासारखा वाटला...

मग पडद्याआडून, अगदी सावकाश, ओळखीच्या सपाट आवाजात माझी वाक्यं परत आली. एकही शब्द इकडचा तिकडे न करता. वय एकाहत्तर. उजवा खुबा. चौथा दिवस. डावी पोटरी. कळवलं नाही. सांगितलं नाही.

मला वाटलं, संपलं.

आवाज थांबला नव्हता.

"दोन वाजून दहा मिनिटं. पेशंट जागी. मुलगी पर्स घेऊन निघाली होती. पेशंटने विचारलं, पायाचं सांगितलंस ना त्यांना? मुलगी म्हणाली... हो."

मी मान डोलावली.

"परत म्हण."

मला म्हणता आलं नाही. मी पळाले. सगळा वॉर्ड बघत होता.

त्याच दुपारी मेट्रनच्या खोलीत जाऊन मी लेखी दिलं. पोटरीचं दुखणं मला माहीत होतं, मी सांगितलं नाही. दोन ओळी. चिमणीचा मेमो रद्द झाला, माझ्यावर कारवाई झाली. चिमणी आता ओव्हर खाटेपाशी उभी राहून देते आणि माझ्याकडून शब्द न् शब्द परत म्हणवून घेते. त्यापलीकडे माझ्याशी एक अक्षर बोलत नाही.

दादाला त्या दोन ओळी सांगितल्या. तो म्हणाला, "तू ताणाखाली होतीस. चूक होते माणसाकडून. निदान झोपेत गेली बिचारी, शेवटपर्यंत तिला काही कळलं नसेल."

मी म्हणाले, "हो."

सात नंबरची खाट दुरुस्त होऊन आली. तिच्यावर पेशंट येतात, बरे होऊन घरी जातात. वायरमनने नवी बेल बसवली. तरी दोन वाजता तो दिवा लागतोच. पेशंट म्हणतात, आम्ही हातही लावला नाही.

वर मी लिहिलं, की मी निघाले तेव्हा आई झोपली होती. ते खोटं आहे. इतकी सवय झालीय त्या वाक्याची, की तुम्हालाही तेच सांगून गेले.

ही गोष्ट मी ज्या पानावर टाकतेय, ते दादा नेमाने वाचतो. भुताच्या गोष्टी त्याला लहानपणापासून आवडतात.

दादा, ती जागी होती. तिने मला विचारलं होतं. मी हो म्हणाले, आणि तिचा माझ्यावर विश्वास बसला, म्हणून तिने दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही.

आज माझी सुट्टी आहे. मी घरी एकटी आहे. दोनला तीन मिनिटं आहेत.

आईच्या खोलीच्या दाराला पडदा आहे. सकाळी मी तो बाजूला सारला होता...

आत्ता तो ओढलेला आहे.