बंद गेटवरचा डबा

माझा धाकटा भाऊ राजरत्न शनिवार-रविवार माझ्याकडे राहायला आला, तो काही हौसेने नाही. मोहने गावातल्या आमच्या जुन्या घरी तो एकटाच राहतो; तिथल्या शेजारच्या शांताबाईंचा फोन आला होता. पोरगा जेवत नाही, नुसता हाडांचा सापळा झालाय, तू मोठी बहीण असून बघत नाहीस का, असं त्यांनी विचारलं. ते मला झोंबलं, कारण खरं होतं. शनिवारी सकाळीच जाऊन मी त्याला घेऊन आले.

मी ठाण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. माणसाचं काय बिघडलंय ते रक्तात दिसतं यावर माझा विश्वास आहे. आमच्या घरात अंगारे-धुपारे कधी आले नाहीत; बाबांना ते खपतच नसे. म्हणून घरी नेण्याआधी राजूला लॅबमध्ये बसवलं आणि रक्त स्वतः काढलं. साखर, थायरॉइड, लिव्हर, सगळं नॉर्मल. मशीनवर संशय घेऊन पुन्हा तपासलं, तरी तेच. आणि समोर माझा भाऊ, हँगरला शर्ट अडकवावा तसा. मला रडू आवरेना.

आम्ही कोलशेतला सातव्या मजल्यावर राहतो. नवरा, सुमित, ऑफिसच्या कामासाठी नाशिकला होता. घरी मी आणि दुसरीतली प्रीती. मामा आला म्हणून ती त्याला चिकटूनच बसली. मी सुकटीची चटणी केली, वांगं केलं, गरम भाकऱ्या थापल्या. राजूने ताट पुढे ओढलं, घास मोडला आणि तसाच ठेवला.

"आधी बाबांचा डबा जाऊ दे," तो म्हणाला.

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. प्रीतीने तर त्यांना पाहिलेलंही नाही.

बाबा मोहन्याच्या रेयॉनच्या कंपनीत होते. दुपारचा भोंगा झाला की आम्हा दोघांपैकी एकाने धावत जाऊन गेटच्या खिडकीतून त्यांचा डबा आत द्यायचा, आणि मगच घरी ताटं वाढली जायची. माझं लग्न झालं, कंपनी बंद पडली, तरी बाबा रोज त्या बंद गेटपाशी जाऊन बसत, आणि राजू डबा नेत असे. बाबा गेल्यावर तेही थांबलं असेल असं मी धरून चालले होते. राजू म्हणाला, नाही थांबलं. तो अजून रोज जातो, खिडकीत डबा ठेवतो, रिकामा डबा परत मिळतो. पूर्वी डबा पोचला की त्याला दोन घास जायचे, आता तेही जात नाहीत.

कोण घेतं, असं मी विचारलं. त्याने माझ्याकडे, मी वेड्यासारखं काही बोलल्यासारखं पाहिलं.

"थकलोय गं ताई. मला रिलिव्हरच नाही."

रिलिव्हर म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. तो येऊन "तू सूट, मी आहे" म्हणेपर्यंत मशीन सोडायचं नाही, हा बाबांच्या खात्यातला रिवाज. आमच्या घरात तो इतका मुरला होता की भांडी घासतानाही आम्ही भावंडं तसंच म्हणून एकमेकांना सोडवायचो.

मी सोमवारची मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. तोवर त्याला जगवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. शनिवार पाण्यावर गेला. मी रागावले, पाया पडले, दूध पाजलं, ते त्याने ओकून टाकलं. रविवारी अंघोळीला गेलेला राजू बाहेरच येईना. दार ढकललं तर स्टुलावर बसलेला, तांब्या उचलायची ताकद नाही. त्याला धरून आणताना त्याच्या फासळ्या माझ्या हाताला लागत होत्या. तेव्हा मी खरी घाबरले. सोमवार दिसणार नाही याला, असं वाटलं.

मी डबा काढला. दोन भाकऱ्या, चटणी, वांगं भरलं आणि त्याच्यासमोर धरला.

"राजू, तू सूट. मी आहे."

त्याने मान वर केली. "नक्की?"

"नक्की."

खाली जाऊन कुत्र्यांना घालायचं, रिकामा डबा त्याला दाखवायचा, एवढाच माझा बेत होता. मनोरुग्णाची समजूत घालायला मी एक वाक्य वापरलं, बस.

आमची सोसायटी एका जुन्या कंपनीच्या जागेवर उभी आहे. बाबांची नव्हे, दुसऱ्याच कुठल्यातरी. मागची दगडी भिंत तेवढी ठेवलीय. तिच्यात वेल्डिंग करून बंद केलेलं लोखंडी दार आहे आणि दाराला हात जाईल एवढी खिडकी. पलीकडे मोकळा प्लॉट. माझ्या किचनमधून तो अख्खा दिसतो, गवत आणि राडारोडा.

कुत्री लांबच उभी राहिली. डबा उघडायला गेले आणि भोंगा झाला.

मागच्या गेटचा वॉचमन मोबाइल बघत होता. त्याने मानही वळवली नाही.

माझे पाय मात्र पळाले. लहानपणी पळायचे तसे, भिंतीपर्यंत. मी डबा खिडकीत ठेवला.

तो आत ओढला गेला. पत्र्यावर पत्रा घासल्याचा आवाज आला.

मी तिथेच उभी होते.

मग डबा परत सरकला. रिकामा, धुतलेला. झाकणावरून पाणी निथळत होतं.

वर आले तर राजू जेवत होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "पोचला." तो भाकरीवर भाकरी खात होता आणि प्रीती त्याला वाढत होती. मला इतका आनंद झाला की मघाचं सगळं मी बाजूला सारलं. डॉक्टरांची वेळ रद्द केली, आणि संध्याकाळी तो स्वतःच्या पायांनी घरी गेला.

सोमवारी लॅबमध्ये मी माझा टिफिन उघडला. घास गिळता येईना.

मी स्वतःचं रक्त तपासलं. सगळं नॉर्मल.

मंगळवारपासून सुट्टी टाकली. रोज दुपारी मी डबा घेऊन खाली जाते. प्रीती तेव्हा शाळेत असते. सुमितला सांगितलं, पोट बिघडलंय. बाकी कोणालाच काही सांगितलं नाही.

आज शनिवार, प्रीतीला सुट्टी. डबा भरता भरता राजूला फोन लावला. डब्याचं काम परत घे, एवढंच म्हणायचं होतं. एकदा फक्त "तू सूट" म्हण, राजू, मला सोडव.

पलीकडे तो जेवत होता. घास चावल्याचा आवाज ऐकू येत होता. शांताबाईंनी मटण पाठवलंय म्हणाला, वजन वाढलंय म्हणाला. इतक्या वर्षांत त्याला असं हसताना मी ऐकलं नव्हतं.

"ताई, तू जेवलीस ना?"

"हो," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मागे प्रीती उभी होती. तिने तिचं ताट ओट्यावर ठेवलं. कशालाही हात लावलेला नव्हता.

"मम्मी, माझी भाकरी पण घाल," ती म्हणाली. "आजोबांना दोन पुरत नाहीत."