विमानवाल्याचा अँटेना

"कोणत्या गाडीसाठी हवाय?" मी मान वर न करताच विचारलं.

"गाडी नाही... विमान आहे."

मग मात्र मी मान वर केली. समोरचा माणूस काही वैमानिक वाटत नव्हता. बाहीवर ग्रीस, खिशात स्क्रूड्रायव्हर, आणि दारातून येतानाच आमचा हेल्मेटचा स्टँड धक्का लागून कलंडलेला, तो एका हाताने सावरून धरलेला.

"खेळण्यातलं?"

"नाही... मी बसतो त्यात." तो कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे, बसणार आहे. अजून उडालेलं नाही."

मामाच्या दुकानात मी गाड्यांचे हॉर्न, ट्रॅकर, कॅमेरे असलं सगळं विकते. विमानाचं गिऱ्हाईक पहिलंच. हळूहळू कळलं ते असं, की हा लिफ्ट दुरुस्त करतो. आठवडाभर लोकांची वर-खाली जायची सोय करायची आणि सुट्टी आली की गावाबाहेरच्या शेडमध्ये जाऊन लाकूड-कापडाचं दोन सीटचं विमान बांधायचं, हा उद्योग कित्येक वर्षं चाललेला. आता ते होत आलं होतं. सगळी माहिती दाखवणारा मोठा स्क्रीन बसला होता. तो बंद पडलाच तर शेजारी एक पंजाएवढं राखीव यंत्र होतं. विमान सरळ आहे की तिरकं, तोंड कुठल्या दिशेला, वेग किती, एवढं ते सांगणार. त्यातला वेग त्याला उपग्रहांकडून कळायचा आणि त्यासाठी जीपीएसचा अँटेना हवा होता. खास विमानाचा परवडत नव्हता. विमानाचं म्हटलं की साधं बटणसुद्धा सोन्याचं होतं, असं त्याचं म्हणणं.

"आणि हे राखीव यंत्र... कधी लागतं?"

"कधीच लागू नये म्हणून असतं," तो हसून म्हणाला.

त्याला हसू आलं, मला नाही. मी जात्याच काळजीखोर. कुलूप लावलं की ओढून बघायचं, जिना उतरायचा, आणि परत चढून जाऊन पुन्हा ओढून बघायचं, अशातली. मामा म्हणतो, हिला गाढ झोप लागली तर त्याचीही हिला काळजी वाटते.

मी त्याला गाडीच्या टपावर बसवतात तो छोटा चौकोनी काळा अँटेना दिला. तो घेऊन गेला आणि थोड्याच दिवसांत परत आला. वायर तोकडी पडते म्हणाला. मी दुसरा काढला आणि आम्ही तो घेऊन गच्चीवर गेलो, कारण आभाळ दिसल्याशिवाय त्याला उपग्रह सापडत नाहीत. कठड्यावर अँटेना ठेवायचा आणि माझ्या हातातल्या ट्रॅकरवर उपग्रहांचा आकडा वाढायची वाट बघत उभं राहायचं. वारा होता. माझी ओढणी त्याच्या हातावर जात होती आणि तो हात काढत नव्हता... मी ओढणी आवरत नव्हते, हेही खरंच.

"उडणार कधी?" मी विचारलं.

"हा बसला की. एवढंच राहिलंय."

त्या दिवसापासून माझ्या हातून एकही अँटेना पास होईना. एकाचं टोक सैल, एक होडीचा म्हणून जड, एकाचं कवच उन्हात तडकणारं. निम्मे दोष खरे होते. उरलेले मी शोधून काढत होते. तो मला 'तपासनीस' म्हणायला लागला, मी मनातल्या मनात त्याला 'विमानवाला'. कपाळाला हात लावून मामा म्हणाला, गिऱ्हाईक हात जोडून विकत मागतंय आणि भाची त्याला परत पाठवतेय, असं दुकान कसं चालायचं. विमानवाल्याची मात्र कधीच तक्रार नसायची. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

शेवटी तोच म्हणाला, "शेडमध्ये येऊन बघता का? जागेवर बघितल्याशिवाय तुमचं समाधान व्हायचं नाही."

शेडमध्ये त्याची आई होती. पंखांवरचं कापड तिने हाताने शिवलं होतं, एकसारखे बारीक टाके. मला जवळ घेऊन तिने पंखावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "टाके माझे आहेत, ते सुटायचे नाहीत. बाकीचं तू बघ गं. माझा याच्यापुढे इलाज चालत नाही."

त्याने राखीव यंत्र सुरू केलं. विमानाचं नाक शेडच्या दाराकडे, समोर धावपट्टी, आणि यंत्रावर उत्तर दिशा. मग मी दुकानातून आणलेल्या पिशवीतून त्याने एक अँटेना काढला. मी अगदी पहिल्यांदा दिलेला, तोच.

"याची वायर तोकडी पडत होती ना?"

"वळसा घालून नेत होतो," तो दुसरीकडे बघत म्हणाला. "सरळ नेली की पुरते."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी म्हणणार होते, पण त्याने अँटेना यंत्राच्या मागेच ठेवला आणि उपग्रह भराभर यायला लागले. इतके, की खोट काढायला जागाच राहिली नाही. तो आनंदाने म्हणाला, "झालं. येत्या रविवारी सकाळी." आई उठून दाराशी जाऊन उभी राहिली.

मला त्या यंत्रावरून नजर काढवेना. विमान जागचं हललं नव्हतं आणि दिशा मात्र पूर्वेकडे सरकली होती. ते सेट करायचं राहिलंय, तो म्हणाला. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी अँटेना उचलून लांब धरला, दिशा परत उत्तर. जवळ आणला, पुन्हा पूर्व. तो घाईने पुढे वाकला.

"थांब, हात लावू नकोस तू," मी म्हणाले.

चुंबक! गाडीच्या टपाला चिकटून राहावा म्हणून अशा अँटेनाच्या पोटात चुंबक असतोच. गाड्यांच्या दुकानात बसून माझ्या तो इतका अंगवळणी पडलेला, की सांगायची वस्तू वाटलाच नाही. त्याच्या लेखी अँटेना म्हणजे फक्त उपग्रह पकडणारी डबी. आणि राखीव यंत्रात दिशा सांगणारं होकायंत्र होतं, ते बिचारं चुंबकामागे धावत होतं. धुक्यात मोठा स्क्रीन गेला असता, तर याने त्या दिशेवर विश्वास ठेवला असता.

"म्हणजे हा बाद?" त्याने विचारलं.

परवडणाऱ्या प्रत्येक अँटेनात चुंबक होता. 'बाद' म्हटलं असतं तर पैसे साठवण्यात कितीतरी महिने गेले असते. आईने दारातून माझ्याकडे बघितलं. तिला काय हवंय ते मला कळत होतं, मलाही तेच हवं होतं. हो म्हणायचं, बस्स... तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी जे सांगेन ते तो खरं मानणार होता, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"बाद नाही," मी म्हणाले. "चुंबक फक्त टपाला चिकटण्यापुरता. तुझ्या विमानाला पत्र्याचा टप आहे कुठे? स्क्रूड्रायव्हर दे."

मी खालचं झाकण उचकटून चुंबक काढला आणि अँटेना चिकटपट्टीने बसवला. उपग्रह तेवढेच राहिले, दिशा उत्तर ती उत्तरच. मी पुन्हा पुन्हा तपासलं. चुंबक माझ्या पर्समध्ये टाकला.

"आता उडता येईल," मी म्हणाले आणि माझे डोळे भरून आले.

"रडतेस कशाला?"

"उडता येईल म्हणून."

त्याने स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. मग हळूच म्हणाला, "मघाशी तू मला 'तू' म्हणालीस."

रविवारी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. त्याला उडायला शिकवणारे निवृत्त वैमानिक, सगळे त्यांना 'सर' म्हणायचे, हातात वॉकीटॉकी घेऊन उभे होते. आई आणि मी बाकावर. विमान धावलं, उचललं गेलं आणि लहान लहान होत गेलं. मी कधी चुंबक मुठीत घेतला, मला कळलंही नाही. थोड्या वेळाने वारा फिरला आणि सगळीकडून धूळ उठली. धावपट्टीचं पलीकडचं टोक दिसेनासं झालं.

वॉकीटॉकी खरखरला. "सर... मोठा स्क्रीन गेला."

आईने माझं मनगट धरलं. सरांनी अगदी शांतपणे विचारलं, "राखीव?"

नुसती खरखर. मला वाटलं, चिकटपट्टी सुटली. वाटलं, बाद म्हणाले असते तर हा आत्ता लिफ्टच्या खोलीत तेलकट हातांनी बसलेला असता. मी काय केलं... काय करून बसले मी?

"राखीव चालू आहे," आवाज आला. "दिशा बरोबर आहे. येतोय."

धुळीतून आधी इंजिनाचा आवाज आला, मग पंख, मग आईचे टाके. चाकं टेकली, एकदा उसळली, पुन्हा टेकली. आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मगच त्याला पोटाशी धरलं.

मग तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. केस धुळीने पांढरे झालेले.

"एक सांगायचं होतं. त्या पहिल्या अँटेनाची वायर... तोकडी नव्हती."

"माहीत आहे. मीच मोजून दिली होती."

"मग परत का घेतलास?"

"तू उडू नयेस म्हणून. आणि तू का आणलास?"

"तू दिसावीस म्हणून."

मी मूठ उघडली. चुंबकाचा चौकोन तळहातावर लालभडक उमटला होता. त्याने तो बघितला आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"मला आज भीती वाटली," मी म्हणाले. "तू उडशील तेव्हा तेव्हा वाटणार. ती जायची नाही. अशी बायको चालेल तुला... रोज?"

"रोज," तो म्हणाला. "तुझ्यामुळेच तर खाली आलो."

मागून आई म्हणाली, "मग दुसऱ्या सीटची गादी शिवायला घेते मी."

मी त्या रिकाम्या सीटकडे बघितलं.

"शिवा," मी म्हणाले. "पट्टा मात्र मी ओढून बघणार."