ताई म्हणू नका

बोहोरोक नदीवरचा झुलता पूल एका वेळी एकाच माणसाचा. रेहुलिना त्याच्या मधोमध पोचली आणि नेमका समोरून, डोक्यावर तांदळाचं पोतं घेतलेला एक उंच तरुण आला. पाऊस तिरपा लागत होता. पूल डोलायला लागला... दोघंही थांबले.

"मागे व्हा ना," ती म्हणाली.

"पोतं घेऊन? तुम्हीच व्हा की. तुमच्या डोक्यावर काही ओझं दिसत नाही."

"ओझं समोर उभं आहे."

तो असा खळखळून हसला की पूल पुन्हा हलला. मग तोच एकेक पाऊल मागे सरकत गेला. पाठ मात्र फिरवली नाही, नजरही नाही. काठावर टेकताच त्याने विचारलं, "कुठल्या कुळातल्या तुम्ही?"

हा प्रश्न रेहुलिनाला नवा नव्हता. बेरास्तागीच्या बाजारात तिच्या वडिलांचा संत्र्यांचा गाळा होता. तिथे येणारा प्रत्येक लग्नाळू पोरगा संत्र्यांचा भाव विचारायच्या आधी तिचं कूळ विचारायचा. डोंगरातल्या कारो जमातीचं असंच. एका कुळातले ते भाऊ-बहीण, सोयरीक व्हायची ती दुसऱ्या कुळाशी.

"आधी तुमचं सांगा," ती म्हणाली.

"तेर्केलिन. तारिगानांचा."

"अगंबाई! मीसुद्धा तारिगानांचीच."

खरं तर ती गिंटिंगांची. पण त्याचं हसू जिथल्या तिथे विझलं, तशी तिला मोठी गंमत वाटली.

"म्हणजे... ताई," तो म्हणाला.

एवढ्यात तिची मैत्रीण मालेम धावत आली. "भेटलात का एकमेकांना? अगं, हेच आपले वाटाडे!"

दोघी आल्या होत्या मावास बघायला. झाडांवर राहणारी, तांबूस केसांची ती मोठाली वानरं. केळी दाखवली की खाली उतरतात ती नव्हेत. रेहुलिनाला हवी होती आतल्या रानातली, माणसाला न सरावलेली.

रान दाट होत गेलं. पानांवरून पाणी टपकत होतं, चढणीवर मुळांच्या पायऱ्या झाल्या होत्या. "हात द्या, ताई." "जपून, ताई." तिच्या पोटरीला जळू चिकटली, तेव्हा त्याने गुडघा टेकून ती अलगद काढली. पण मान वर केली नाही. मालेमशी मात्र त्याच्या थट्टा चालायच्या, ती त्याच्या आवाजाची नक्कल करायची, आणि दोघं खिदळायचे. रेहुलिना मागून चालताना उगाच फर्नची पानं तोडत होती.

"सांगून टाक ना," संध्याकाळी तंबूशी मालेम कुजबुजली.

"आता कुठल्या तोंडानं? खोटारडी म्हणतील."

"मग राहू दे. मी होते तुझी वहिनी!"

दुसऱ्या सकाळी धुकं फांद्यांत अडकलेलं असताना तेर्केलिनने एकदम हात वर केला. सगळे थबकले. उंच उंबराच्या झाडात एक मावास बसली होती. तिचं पिल्लू पलीकडच्या झाडावर अडकलं होतं. मधली फट त्याच्या आवाक्यातली नव्हती. आईने हात लांबवून पलीकडची फांदी ओढून धरली आणि दोन झाडांमध्ये स्वतःचाच पूल केला. पिल्लू तिच्या पाठीवरून, केस धरत, रमतगमत इकडे आलं.

रेहुलिनाचे डोळे भरून आले. आपण त्याची बाही घट्ट धरलीय, हे तिला कळलं तेव्हा तो तिच्याचकडे बघत होता. क्षणभरच. मग चटका बसल्यासारखं त्याने बाही सोडवून घेतली.

"ताई, तिकडे बघा—"

"ताई म्हणू नका." "मी तारिगान नाही. पुलावर... खोटं बोलले मी. मी गिंटिंगांची."

तेर्केलिन सरळ ओढ्याकडे चालायला लागला. ती मागोमाग गेली, घसरली, उठली.

"काहीतरी बोला ना!"

तो वळला. "कालपासून देवाची माफी मागतोय मी! म्हटलं, बहिणीकडे असं बघतो, किती वाईट माणूस असेन... आणि तुम्हाला गंमत वाटत होती?"

"नव्हती वाटत," ती हळूच म्हणाली. "तुम्ही मालेमशी हसायचात, तेव्हा तर... अजिबात नाही."

त्याच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली.

"माझी आई गिंटिंगांची," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे नात्याने मामाची मुलगी लागता तुम्ही."

रेहुलिनाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मामाच्या मुलीला सून करून आणायला कारोंची घरं टपलेली असतात, हे कुणी तिला सांगायला नको होतं.

"गेलं माझं वहिनीपण!" मागून मालेम ओरडली.

"अजून रागावलायत?" रेहुलिनाने विचारलं.

"हो. नदी येईपर्यंत रागावणार."

"नदी किती लांब आहे?"

"वाट कुठली धरतो, त्यावर आहे."

"मग... लांबची धरा."

नदीकाठी तिचे वडील गाडी घेऊन उभे होते. तिघं चिखलाने माखून आले, पण वडिलांची नजर पोरीची पिशवी खांद्यावर घेतलेल्या त्या उंच तरुणावरच थांबली. त्याने पिशवी खाली ठेवली, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"मेजुआ-जुआ, मामा," त्याने कारो रीतीने नमस्कार केला.

"मामा?" वडिलांनी भुवया उंचावल्या. "कुणाचा रे मामा?"

"माझी आई गिंटिंगांची आहे, मामा."

त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेक नदीकडे बघत होती. वडिलांनी पिशवी उचलून गाडीत टाकली, दोघींना बसवलं, स्वतः स्टिअरिंगपाशी बसले. तेर्केलिनचा जीव टांगणीला लागला.

"रविवारी आई घरी असते का?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"चर्चमधून आली की असते, मामा."

"सांग तिला. भाऊ जेवायला येतोय म्हणावं."

"एकटेच?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

वडिलांनी ऐकलंच नाही असं दाखवून गाडी सुरू केली. मागच्या खिडकीत रेहुलिनाने ओल्या केसांवरून हात फिरवला, त्याच्याकडे बघितलं, आणि हसत हसत मान हलवली— नाही.