फोनमधला हुंकार

विधवा सून मिना दुसरं लग्न करून वसमतला गेली, की नर्मदाबाईंचा फायदाच फायदा होता. मेलेल्या लेकाच्या, विश्वंभरच्या वाट्याचं सेनगावचं शेत नातीच्या नावावर, नात आपल्या घरात, आणि कटकटीला सून नाही. होणाऱ्या नवऱ्याने, सोमेश्वरने निरोपच धाडला होता, बाईने एकटीने यावं. आईविना एक पोरगी माझीही आहे, तेवढी पुरे. मिनाच्या भावाने मान डोलावली. मिनाला विचारलं गेलं ते साडीचा रंग कोणता, एवढंच.

या चोख हिशेबात एकच खोट निघाली. पाच वर्षांची नात प्रतिक्षा मायच्या गोष्टीशिवाय झोपत नसे, आणि रडणारं लेकरू थोपटत बसायची नर्मदाबाईंची तयारी नव्हती. म्हणून जायच्या आदल्या दुपारी पोरीला शेजारी धाडून त्यांनी सुनेपुढे फोन ठेवला.

"भर याच्यात गोष्ट. सारखं येऊन जायची तकलीफ नको."

मिना बसली... हरवलेल्या कोकराला शोधणारी मेंढी बोरीला विचारते, ओढ्याला विचारते, रोजचीच गोष्ट. पण पहिल्या वाक्यालाच ती अडली. हुंकार आल्याशिवाय पुढचं वाक्य तिच्या ओठांवर यायचंच नाही. पोरीचं 'हं' आलं की मेंढी पुढे चालायची, 'हं' थांबलं की पोरगी झोपलेली असायची. त्या गोष्टीला शेवट कधी लागलाच नव्हता.

दोनदा भरलेलं पुसलं. मग नर्मदाबाई वैतागून म्हणाल्या, "मी देते हुंकार. आटप."

मेंढीने ओढ्याला विचारलं... हं. ओढा म्हणाला, आत्ता तर होतं इथं... हं. मिना मधेच अडली, तेव्हा सासूचं 'हं' बैलाला पराणी टोचावी तसं आलं. शेवटी मेंढीला कोकरू सापडलं, असं म्हणायला सासूनेच खुणावलं. आणि त्या अभागिनीने काळजावर दगड ठेवून तेही म्हटलं.

दुसऱ्या रात्री प्रतिक्षाने फोन उशाला घेतला. मायचा आवाज ऐकून तिचा चेहरा उजळला, ती 'हं' म्हणणार, तोच आतून कुणीतरी आधीच म्हणालं. पुन्हा तसंच. पोरगी उठून बसली, आजीकडे बघत राहिली.

"माय तुला गोष्ट सांगून राहिली, आजी. मला न्हाई."

आणि भिंतीकडे तोंड करून ती निजली. रडली नाही, यात नर्मदाबाईंना आधी बरंच वाटलं. पण मग कळलं, पोरीने हुंकार देणंच सोडलं होतं. जेवायला हाक मारली तर मुकाट येऊन बसे. विचारलं तर नुसती बघे. म्हातारीने स्वतः मेंढीची गोष्ट सांगून पाहिली, "हं म्हण की गं माझे बाई," अशी हात जोडून विनवणी केली. काही नाही... अखेर तो सारा तोरा गळून पडला आणि त्यांनी वसमतला फोन लावला.

"मिना, चुकलं माझं. माझ्या आवाजाबिगर पुन्हा भरून दे. न्हाई तर तूच ये, माय."

पलीकडून एका पेंगुळल्या लेकराचा आवाज आला, "हं... मंग?" ती सोमेश्वरची पोरगी होती.

"तुमच्यावर राग न्हाई, आत्याबाई," मिना हळू आवाजात म्हणाली. "पण हे येऊ देत न्हाईत. अन् हुंकाराबिगर मला गोष्ट सांगता येत न्हाई, तुमाला ठावं हाय."

फोन ठेवला गेला.

नर्मदाबाईंना शेत मिळालं, सोमेश्वरला बायको, त्याच्या लेकीला मेंढीची गोष्ट. आणि या सगळ्याचं मोल मोजलं कुणी? जिच्याजवळ देण्यासारखा फक्त एक हुंकार होता, तिने.