चार नंबरचा दिवा

"मेकॅनिक यायचा होता... तुम्ही कोण?" दारातल्या तरुणानं विचारलं.

"मीच मेकॅनिक. का, मिशा पायजे होत्या?"

तो असा काही लाजला, की सनाला तिथंच हसू फुटलं.

हा काशिफ. राजारामपुरीत त्याच्या कुतुबुद्दीन चाचांचा नेट कॅफे होता. चाचा गेल्या वर्षी वारले आणि त्याच जागेत काशिफनं बिऱ्हाड मांडलं. टेबलं तशीच होती, भिंतीतून प्रत्येक टेबलाला वायर गेलेली. त्यातल्या एका वायरीला वायफायचा डबा जोडला, की घरभर नेट. तासाभराचं काम हो! पण डबा इथं नको, तिथं लावा, असं करत काशिफनं तीन दिवस काढले, आणि सना बाईसाहेबही रोज हजर. खरं तर मधोमध असलेलं चार नंबरचं टेबलच योग्य होतं. तिथं मात्र तो नकोच म्हणायचा.

"आज शेवटचं हं," स्विचपाशी उभी राहून सना म्हणाली. सगळ्या वायरी येऊन मिळायच्या ती ही पेटी. "शुक्रवारी गडहिंग्लजचं पावणं मला बघायला येणार हायत. मग आमचं दुकान भाऊच बघंल."

काशिफचा चेहरा पडला. तो उगाच हातातली वायर गुंडाळायला लागला.

घड्याळात सहा वाजले... आणि स्विचवरचा चार नंबरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

सनाच्या अंगावर सर्रकन काटा आला. दुसऱ्या टोकाला काही जोडल्याशिवाय तो दिवा लागत नाही, आणि चार नंबरचं टोक तर टेबलावर मोकळं पडलं होतं! तिथली खुर्ची तिनं मघाशीच आत सारली होती. आता ती खुर्ची बाहेर ओढलेली, दाराकडं तोंड करून होती.

"काशिफ... हे काय हाय?"

"रोज सहाला लागतो," तो हळूच म्हणाला. "पाच नंबरला रोज सहाला एक पोरगी यायची. चाचा शेजारी, चारला बसायचे. सहा महिने बसले, पण बोलले न्हाईत. तिचं लग्न झालं, बिद्रीला गेली. चाचा मरेपर्यंत रोज सहाला तिथं बसायचे, दाराकडं बघत."

खिडक्या बंद, तरी मानेवर गार वारं लागलं. दिवा आता घाईघाईनं लुकलुकत होता. सना घाबरली, पण त्याहून जास्त तिला राग आला, आणि इतक्या दिवसांचं 'तुम्ही' कुठल्या कुठं गेलं.

"मग तू पण तिथंच बसणार हायस व्हय जन्मभर? बोल की काय ते!"

"मला... तू आवडतीस, सना. लई आवडतीस." "अब्बांना घेऊन घरी येऊ तुमच्या? शुक्रवारी?"

"शुक्रवारी काय पावण्यांना चहा द्यायला येतोस? गुरुवारी ये!"

तो हसला. तिचा हात त्याच्या हातात कधी गेला, तिलाही कळलं नाही.

पटकन दिवा विझला.

दोघांनी वळून पाहिलं. दोघंही स्विचपाशीच होते, टेबलाकडं कुणी फिरकलंही नव्हतं. पण चार नंबरची खुर्ची टेबलाखाली नीट सारलेली होती, काम आटोपून कुणी उठून गेल्यासारखी.

सनानं ओढणी डोक्यावर घेतली आणि चार नंबरच्या टेबलापाशी गेली.

"चाचा," ती हलकेच म्हणाली, "डबा आता इथंच लावते हं."